बिनबारशाचं लोकरू

मावशी कोणाला काही विचारायची नाही. किती वाजले, हा पत्ता कुठे आला, बुलढाण्याची गाडी गेली का, काही म्हणजे काही नाही. स्टँडवर गेली की खांबाला टेकून उभी राहायची आणि इतर लोक कोणत्या गाडीकडे पळतात ते पाहून आपली गाडी ठरवायची. एकदा अशीच मेहकरच्या गाडीत बसली, मेहकर पाहिलं आणि संध्याकाळी परत आली. मला म्हणते, "मेहकरले काम होतं." काम कसलं, डोंबलाचं! पण तसं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

चिखलीच्या बाजारात तिचं मॅचिंग सेंटर आणि माझं शिलाईचं दुकान एकाला एक लागून होतं. मध्ये भिंत कसली, पत्राच. तिकडे ती शिंकली की इकडे माझ्या हातातली सुई हलायची. बायका साडी घेऊन आधी तिच्याकडे जायच्या, ब्लाउजपीस, परकर, फॉल जुळवून घ्यायच्या आणि मग तीच पिशवी घेऊन माझ्या दारात यायच्या. म्हणजे माझी चूल तिच्या नजरेवर पेटत होती असं म्हणायला हरकत नाही. ती माझी सख्खी मावशी नव्हे. साऱ्या गल्लीचीच मावशी. नवरा होता की नव्हता, माहेर कोणतं, कोणी विचारलं नाही. लोणारला एक बहीण आहे एवढं माहीत होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत ती एकटी राहायची.

अंगावर कायम मोतिया रंगाचं लुगडं. सणाला मोतिया, लग्नाला मोतिया. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, बिचारी विधवा असेल. संगीतानं एकदा धीर करून विचारलं तर म्हणाली, "रंगाच्या दुकानात बसनाऱ्यानं रंग घालू नाई. नजर उष्टी होते."

संगीता म्हणजे पलीकडची ब्युटी पार्लरवाली. मावशी तिला राणी म्हणायची, कारण तिला राणी रंग जीव की प्राण. मला बदामी म्हणायची. समोरच्या मेडिकलवाल्या भाऊंना राखाडी, कारण त्यांच्या तोंडावर हसू म्हणून कधी उमटलं नाही. आमच्या खऱ्या नावानं आम्हाला तिनं कधी हाक मारली नाही, आणि रंगाला मात्र नाव घेतल्याशिवाय हात लावू द्यायची नाही. एखादी पोरगी यायची, "मावशी, लाइट कलरमध्ये दाखवा ना." झालं!

"लाइट म्हंजे काय वं? बल्ब पाह्यजे का तुले? मोतिया म्हन, बिस्किटी म्हन, अबोली म्हन. बिनानावाचं कुत्रं बी जवळ येत नाई, रंग कसा येईन?"

पोरगी रडकुंडीला यायची, पण बाहेर पडताना तिच्या पिशवीत बरोबर रंग असायचा. इतर दुकानांत बायका कापड घेऊन रस्त्यावर येतात, उन्हात धरून पाहतात, मग घेतात. मावशीच्या पायरीवर असं कोणी केलं तर ती कापड हिसकावून आत घ्यायची. "ऊन कायले पाह्यजे? मी हाय ना." आणि खरंच, इतकी वर्षं मी तिच्या पिशव्यांतले ब्लाउज शिवले, रंग चुकला म्हणून एकही परत आला नाही. लोणारची एक बाई साडी घरी विसरून आली होती. मावशी तिला म्हणाली, "पोरीच्या साखरपुड्याची ना तुही? आमसुली, काठ जर्द." दोन वर्षांपूर्वी एकदा पाहिलेली साडी! मला तर काल मी काय नेसले होते तेही आठवत नाही.

शुगर होती तिला. भाऊ गोळ्या द्यायचे, त्या हुकांच्या आणि बटणांच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडायच्या. चहासोबत गुळाचा खडा मात्र चुकायचा नाही. भाऊ रस्ता ओलांडून येऊन ओरडायचे. "शुगर डॉक्टरले दिसली," ती म्हणायची, "मले तं नाई दिसली. राखाडी, तू आपलं दुकान पाह्य."

तो गेम संगीतानं आणला. पितृपक्षात आमच्या गल्लीत माशा मारायची वेळ येते. नवीन कापड कोणी घेत नाही, शिवायला कोणी येत नाही, पार्लरमध्ये कुत्रं फिरकत नाही. तेव्हा संगीतानं आमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तो टाकून दिला. गेममध्ये आपला एक मळा असतो, घर असतं, ऋतू बदलतात, शेजारी बोलायला येतात आणि आपण जनावरं पाळायची. मारामारी नाही, हारजीत नाही, नुसतं राहायचं. भाऊ म्हणाले, "खरं राहून कटाळले म्हनून आता मोबाइलमधी राहा." म्हणाले आणि सगळ्यांत आधी त्यांचाच मळा फुलला.

त्यात एक जनावर होतं, मेंढीचं अंग आणि सशाचे कान. त्याचं इंग्रजी नाव आमच्यापैकी कोणाच्या जिभेवर बसेना. कोकरू तसं लोकरू, असं मावशीनं ठरवून टाकलं. लोकरं पांढरी असायची, बदामी, राखाडी, अबोली, पिस्ता. दोघांची जोडी लावली की पिल्लू व्हायचं. पिल्लाचे दोनच रस्ते: नाव ठेवून गोठ्यात घ्या, नाहीतर रानात सोडून द्या. नाव ठेवण्याला आम्ही बारसं म्हणायचो. नव्या रंगाच्या पिल्लाचं बारसं झालं की रंगपेटी नावाच्या पानावर एक रिकामा गोल भरायचा आणि फोन सनईसारखा वाजायला लागायचा.

चौघांच्याही पेटीत शेवटचा एक गोल रिकामा होता. नेटवर सांगायचे की तो आकाशी. लाखात एखाद्याला होतं म्हणे. ज्यांना झालं ते फोटो टाकायचे, पण कसं झालं ते कोणी धड सांगत नव्हतं. झालं, मावशीच्या अंगात आलं! बिनानावाचा रंग सोडवत नाही तिला, तर न दिसलेला रंग कसा सोडवेल?

संगीताचं म्हणणं, निळी फुलं चारायची. तिनं एवढी चारली की तिच्या मळ्यात फूल म्हणून उरलं नाही. भाऊंचं म्हणणं, सगळा नशिबाचा खेळ, कंपनी पत्ते पिसते. मावशीनं दोघांनाही झाडलं.

"रंग खाल्ल्यानं येत नाई. वांगे खाऊन कोनी जांभळं झालं का? रंग मिसळल्यानं येते." लहानपणी घरी बादल्यांमध्ये परकर रंगवायचं काम चालायचं म्हणे तिच्या. "अन् एका येळी एकच रंग बादलीत टाकाचा. दोन टाकले तं घोळ कोन्यानं केला, कसं कळन?"

मग तिनं आम्हाला कामं वाटून दिली. मी पांढऱ्याची पिस्त्याशी जोडी लावायची, संगीतानं अबोलीची राखाडीशी, भाऊंनी बदामी सांभाळायचं. रोज दुपारी चारही मोबाइल तिच्या गल्ल्यावर घडीच्या कापडावर एका रांगेत ठेवायचे आणि काय झालं ते सांगायचं. न सांगता जोडी बदलली की खैर नाही. संगीता चोरून फुलं चारते हे उघडकीस आलं तेव्हा तिचा फोन अस्तराच्या गठ्ठ्याखाली गेला. गिऱ्हाईक फोन करकरून दमलं, पण मावशीनं तो चहापर्यंत काढला नाही. आम्ही पोटभर हसलो. बाजारात लोक म्हणायचे, या चार बाप्या-बायांना काय झालं, लहान पोरांसारखे मोबाइल खेळतात. मला काही वाटत नव्हतं. त्या दुपारी मला आवडायच्या.

दिवाळीपर्यंत मावशीचा हिशेब पक्का झाला होता. पिस्त्याची पिस्त्याशीच जोडी पाहिजे, पण दोन्हींकडे आजा पांढरा पाहिजे. "लपून बसते पांढरा," ती म्हणायची. "दोन पिढ्या लपते अन् मंग निंघते." अशी लोकरं जमवायला तिला फार दिवस लागले. त्याच दिवसांत तिनं एक नवी लकब उचलली. मोबाइल पाहताना डाव्या डोळ्यावर तळहात धरायचा. कधी हात बदलून उजव्यावर. संगीता तिची हुबेहूब नक्कल करायची, आणि मी मेली खिदळायची.

तुळशीचं लग्न उरकलं आणि गल्ली माणसांनी भरली. लग्नसराईत आमचा चहासुद्धा उभ्यानं होतो. एका दुपारी हूक संपले म्हणून मी तिच्याकडे गेले. ती स्टुलावर पाठमोरी बसली होती, हातात मोबाइल. मी काही बोलणार तोच तिच्या मळ्यात पिल्लू झालं.

ते आकाशी होतं.

शाळेच्या पोरांच्या शर्टाचा असतो ना, तसला स्वच्छ आकाशी. पाठीमागे तिची पिस्ता जोडी उभी होती, त्यामुळे फरक लख्ख दिसत होता. माझ्या तोंडून किंकाळी निघणारच होती. मावशीनं डाव्या डोळ्यावर तळहात धरला. मग उजव्यावर. मग पुन्हा डाव्यावर. पिल्लू खाली उभं राहून नावाची वाट पाहत होतं, कान हलवत होतं. आणि मावशीच्या अंगठ्यानं 'रानात सोडा' वर टेकून दाबलं. पिल्लू वळलं, टुणटुण उड्या मारत झाडांत गेलं आणि दिसेनासं झालं.

मग तिला माझी चाहूल लागली. "पिस्ताच होतं," ती म्हणाली.

मी काही विचारलं नव्हतं. मी हूक घेतले आणि आले. मशीनवर बसले तर पायाला पायडल सापडेना.

माझ्या सासूबाईंचे डोळे शुगरनं गेले. सुरुवातीला त्या म्हणायच्या, टीव्हीचा रंग बिघडला, सगळं पिवळट दिसतं. आम्ही किती शहाणे! टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला घरी बोलावलं. तो दोनदा येऊन खटपट करून गेला आणि म्हणाला, टीव्ही चांगला आहे. तरी आम्ही त्यालाच नावं ठेवली. डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो तोपर्यंत फार उशीर झाला होता. पुढे सासूबाई माझा चेहरा हातानं चाचपून ओळखायच्या. ते हात मला अजून गालावर जाणवतात. त्या दिवशी मशीनवर बसून मला तेच आठवत राहिलं.

संगीताला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "मावशी चुकन? तुलेच चष्मा लागला असन. नाईतं फोनचा उजेड कमी असन." हेच तर आमचं झालं होतं. बाईनं इतकी वर्षं रंग सांगितला आणि आम्ही मान डोलावली. आता आकाशाला ती पिस्ता म्हणाली असती तरी आम्ही वर पाहून म्हटलं असतं, हो बाई, पिस्ताच. भाऊंना मात्र पटलं. त्यांनी नुसता सुस्कारा सोडला. "गोळ्या खात नाई ते. डोळ्याच्या पडद्यावर उतरली असन शुगर. लवकर दाखवाले पाह्यजे, दिवस घालवून चालत नाई. पन सांगन कोन तिले?"

खरंच, सांगेल कोण? मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. शटर उघडायची, पत्र्यापलीकडून तिचं खाकरणं ऐकू यायचं आणि मी मशीनवर जाऊन बसायची. कसं सांगू? माणसाला सांगावं की तुझी साडी फाटली, तुझा पोरगा वाया गेला, तेही एक वेळ सांगता येईल. पण मॅचिंगवालीला कसं सांगायचं की तुला रंग दिसत नाही? आणि नाही सांगितलं तर उद्या ती माझाही चेहरा चाचपेल. नुसत्या या विचारानं मी अर्धं ताट तसंच सोडून उठायची. नवरा म्हणायचा, तुझी तब्येत बरी नाही का. मी म्हणायची, उन्हाचं झालं असेल. थंडीच्या दिवसांत!

तेवढ्यात धामणगाव बढ्याच्या लोकांची पिशवी आली. नवरीकडचा बस्ता होता, साड्यांचा ढीग, आणि प्रत्येक साडीत मावशीनं जुळवलेला ब्लाउजपीस घडी करून ठेवलेला. मी एकेक उघडत गेले. चिंतामणी साडीमध्ये रामा रंगाचा पीस. चिंतामणी निळ्याकडे झुकतो, रामा हिरव्याकडे. साधी माणसं चुकतात तिथे, मावशी कधीच चुकली नव्हती. मी तो पीस पदराखाली धरून मागच्या नळापाशी गेले, उन्हात धरून पाहिला. रामाच. मला वाटलं, देवा, माझे डोळे खोटे ठरव. पण ऊन काही खोटं बोललं नाही.

मावशी जेवायला आत गेली तेव्हा मी तिच्या कपाटातून चिंतामणी पीस काढून घेतला आणि रामा जागेवर ठेवला. मग ती सवयच लागली. प्रत्येक पिशवी आली की नळापाशी न्यायची, चुकलं असेल तर ती आत गेल्यावर बदलायचं. दरवेळी एखादं निघायचंच. आकाशीच्या जागी पिस्ता, लिंबाच्या जागी मोतिया. सगळं बरोबर निघालं की मी खुळ्यासारखी हुरळून जायची, की झालं बहुतेक बरं. शिवण कमी आणि पहारा जास्त असे ते दिवस होते.

मावशी कधी माझ्या दुकानात यायची नाही. काम असलं की पत्रा वाजवायची. त्या दिवशी ती स्वतः येऊन दारात उभी राहिली.

"माह्या कपाटाले कोन हात लावते?"

मी मान वर केली नाही. "कोन लावन?"

"घडी कोनाची ते हातानं कळते मले. कापडाचा कोपरा आत दुमडाची खोड एकाच बाईले हाय या गल्लीत."

काय करणार! माझाही स्वभाव काही गाईचा नाही. इतक्या दिवसांची धास्ती अशी एकदम तोंडावाटे बाहेर आली. "हो, मीच लावला हात. लावला अन् लावतच राहीन. चिंतामणीत रामा घातला तू, आकाशीत पिस्ता घातला. धामनगावच्या नवरीचा ब्लाउज भलत्याच रंगाचा गेला असता. कोनाले तोंड दाखवलं असतं तू? अन् ते लोकरू आकाशी होतं मावशी! मी तुह्या मागंच उभी होती. आकाशी होतं अन् तू रानात सोडून देल्लं!"

बोलून गेले आणि तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता ही माझ्याशी जन्मात बोलणार नाही. रस्त्यावरून एक जीप भोंगा वाजवत गेली. मावशी माझ्या स्टुलावर बसली. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, जिथे ती कधीच बसली नव्हती.

"मले वाटलं होतं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते.

"उजव्यानं पाहो तं आकाशी वाटे. डाव्यानं पाहो तं पिस्ता. कोन्या डोळ्याचं खरं मानू? दिवाळीपासून असंच चालू हाय. रोज सकाळी उठून मोबाइल पाह्यतो तो कायले? लोकराइसाठी नाई वं. आज डाव्यानं काय दिसते, ते पाह्यासाठी."

"मंग बारसं तरी कराचं होतं! गोल भरला असता, कळलं असतं."

"म्हनूनच नाई केलं." तिनं दोन्ही तळहात मांडीवर उपडे ठेवले. "बारसं केलं असतं तं सनई वाजली असती. मंग पक्कं कळलं असतं का हा डोळा गेला. रानात सोडलं का कसं, काई कळत नाई. होतं का नव्हतं, गेलं आपलं. रंग न दिसनारी मॅचिंगवाली! मंग मी का लोकाइले विचारत बसू, हे काय हाय अन् ते काय हाय?"

मी रडले. ती नाही रडली. ती म्हणाली, "जोडी मात्र माहीच बरोबर निंघाली. राखाडीले सांग. म्हने पत्ते पिसते." मी रडता रडता हसले, आणि मग ती पण हसली.

बुलढाण्याला मी तिला अक्षरशः ओढून नेलं. स्टँडवर मी कंडक्टरला गाडी विचारली तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, जशी काही मी तिची कोणी लागतच नाही. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्रातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. पडद्यावर शुगर उतरली होती. डाव्याचं जे गेलं ते परत यायचं नव्हतं. उजवा राखता येईल म्हणाले, लेझर करावं लागेल, इंजेक्शनं घ्यावी लागतील, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि आता एक दिवसही चालढकल नको. मावशीनं एक शब्द विचारला नाही. दुखेल का, किती दिवस, दुकानात बसू का, सगळं मीच विचारलं. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून होती, आणि मी सारखी तिच्या तोंडाकडे पाहत होते. गूळ मात्र त्या दिवसापासून बंद झाला. भाऊ रोज दुपारी रस्ता ओलांडून येऊन समोर उभे राहून गोळी घ्यायला लावायचे, आणि ती त्यांना शिव्या देत घ्यायची.

हिवाळाभर बुलढाण्याच्या फेऱ्या चालल्या. ती काळा चष्मा लावून गल्ल्यावर बसायची, मी माझं काम सोडून पिशव्या पाहायला पळायची, संगीता जमेल तेव्हा यायची. तरी दुकान असं किती दिवस चालणार? लोणारच्या बहिणीचा फोन यायचा, "बंद कर अन् इकडं ये." मावशी ऐकून घ्यायची आणि फोन ठेवून द्यायची. ती काय ठरवते आहे ते मला कळत नव्हतं, आणि विचारायची भीती वाटत होती. सकाळी तिच्या शटरचा आवाज यायला जरा उशीर झाला की मी हातातलं टाकून पायरीवर यायची. आज गेली की काय?

एका दुपारी पत्रा वाजला. "बदामी, इकडं ये."

गेले. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. त्यावर एक लोकरू उभं होतं, कान हलवत.

"हे कोनतं हाय?"

मी तिच्याकडे पाहतच राहिले. मावशीनं विचारलं होतं! किती वर्षं शेजारी काढली आम्ही, आणि तिच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. काळ्या काचेआड डोळे दिसत नव्हते. हनुवटी वर करून, मान किंचित पुढे काढून ती माझ्या उत्तराची वाट पाहत होती.

लोकरू पिस्ता होतं. चांगलं ठार पिस्ता.

आकाशी म्हटलं तर माझं काय जाणार होतं? तिची जोडी, तिची अक्कल, एवढे दिवस तिनं घातलेले. एकदा घरी आलेलं तिनं भीतीपायी घालवलं होतं. आता पुन्हा आलं म्हटलं तर म्हातारी सुखानं लोणारला तरी जाईल. जिभेच्या टोकावर आलं होतं, देवाशपथ. पण मला तो सासूबाईंचा टीव्ही आठवला. शेवटी शेवटी मीच त्यांना म्हणायची, हो आई, झाला नीट, आता रंग छान दिसतात. त्या मान हलवायच्या, आणि पुढे त्यांनी टीव्हीबद्दल मला काही विचारलंच नाही.

"पिस्ता हाय मावशी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "पिस्ता."

तिनं हात पुढे करून मोबाइल परत घेतला.

"सकाळी राणीले विचारलं. ते म्हने आकाशी, अन् गळ्यात पडली माह्या. मंग राखाडीले विचारलं. तो बी म्हने आकाशी. तो हसला बी, म्हनजे पाह्य!" तिनं बोटानं रंगपेटीचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. शेवटचा गोल रिकामा होता. "बारसं करूनच विचारलं होतं मी. भरलेलं-रिकामं तं दिसते मले अजून."

पायरीवर एक बाई उभी होती, साखरखेर्ड्याची, हातात साडीची पिशवी. मावशीनं तिला आत बोलावलं, साडी काढून उलगडली आणि गल्ल्यावरून सरकवत माझ्यापुढे ढकलली.

"सांग."

पिशव्या लपूनछपून तपासणं वेगळं आणि हे वेगळं. मी साडीचा पदर हातावर घेतला, दाराकडून येणाऱ्या उजेडाकडे वळवला. निळ्याकडे झुकत होता की हिरव्याकडे? आता मागच्या नळापाशी जायची सोय नव्हती. चुकले तर ही बाई भलत्याच रंगाचा पीस नेणार, आणि मावशी उद्या शटर उघडणार नाही. मी पुन्हा पाहिलं.

"चिंतामणी."

मावशी उठली. कपाटाकडे न पाहता तिनं हात वर केला, तिसऱ्या फळीवर बोटं चालवत नेली आणि एका ठिकाणी थांबून पीस ओढून काढला. गल्ल्यावर साडीशेजारी टाकला. बरोबर तोच. कुठे साडी संपते आणि कुठे पीस सुरू होतो ते कळेना.

त्या बाईनं दोन्ही उचललं आणि ती दाराकडे वळली. "उन्हात पाहून येऊ का वं मावशी, जरासं?"

मावशी स्टुलावर बसत होती. तिनं चष्मा नाकावर नीट केला.

"ऊन कायले पाह्यजे?" ती म्हणाली. "ही हाय ना."